फोटोतली पंचफुला मावशी

भिवापूरच्या अलीकडे, जिथे बस थांबते पण थांबा नाही,
तिथे माझ्या पंचफुला मावशीचं मिरची कांडप आहे.
एका मार्चमध्ये, दुपारी दीडला,
पांढरी गाडी आली, काचा वर केलेली.
उतरलेल्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा
आणि चेहऱ्यावर, यायच्या आधीपासूनच, हळहळ.

मावशी वीस किलोचा घाणा काढत होती.
डोळ्यांतून धारा, नाकाला पदर.
तो म्हणाला, हलू नका.
ती हलली नाही. पाहुण्याचं ऐकावं.
मग तिला हसू फुटलं, तर म्हणाला,
हसू नका.

रविवारच्या पुरवणीत ती अर्ध्या पानावर आली.
खाली ओळ: विदर्भ. अश्रू अजून सुकलेले नाहीत.

"सुकतीन कसे?" मावशी म्हणाली,
"दुसरा घाणा बाकी होता न बाप्पा."

पुण्यात होस्टेलवर केतकीनं ते पान माझ्यासमोर धरलं,
आवाज मऊ करून: तुमच्याकडचं ना गं हे?
मला म्हणता आलं असतं, ही माझी मावशी,
लग्नात हिच्याइतकं जोरात कोणी हसत नाही.
मी म्हणाले, हो ना, फार वाईट परिस्थिती आहे.

कारण दोन वर्षांत मी सांभाराला कोथिंबीर म्हणायला शिकले होते,
टोंगळ्याला गुडघा,
आणि "येऊन राहिली"ची शेपटी छाटून
"येतेय" करायला.
मागे कुणी म्हणालं होतं, तू तिकडची वाटतच नाहीस.
मी थँक्यू म्हणाले.
तो थँक्यू अजून दाढेत आहे,
जवसाच्या दाण्यासारखा.

मावशीकडे दुःख नाही असं नाही.
त्याची जागा ठरलेली आहे: मागच्या खोलीत,
मोसाजींच्या चपलांशेजारी.
त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, चपला रोज पुसल्या जातात.
समोर ती धंद्याला बसते.
त्या माणसानं विचारलं असतं तर
चहा पाजून तिनं कदाचित दाखवलंही असतं.
त्याला घाई होती. त्याला डोळेच हवे होते.

अभिमानावर मला भाषण येत नाही.
संत्री आमच्या गावात पिकत नाहीत.
वाघ मी पाहिला तो ट्रकच्या पाठीवर, रंगवलेला, जरा तिरळा.
ऊन मात्र आमचं,
पंचेचाळीस असलं तर बाहेर अठ्ठेचाळीस सांगतो.
आणि पुण्याचं विचाराल तर गावात मी रंगवून सांगते,
तिथे पाहुण्याला दारातच विचारतात, जेवून आलात ना?
सगळे खो खो हसतात.
टायफॉइडमध्ये केतकीच्या आईनं नऊ दिवस
माझ्यासाठी मऊ भाताचा डबा पाठवला,
हे मी तिथे सांगत नाही.
गोष्ट बिघडते.

दिवाळीत गेले तर कांडपाच्या भिंतीवर
ते पान लॅमिनेट करून टांगलेलं.
खालची ओळ कात्रीनं कापलेली,
त्या जागी मार्करनं, मावशीच्या तिरक्या अक्षरात:
अस्सल भिवापुरी. खात्री फोटोत पाहा.
गिऱ्हाईक दुपटीनं वाढलं म्हणे.

मग माझ्याकडे न बघता, चाळणी आपटत,
"त्या पोरीले तू सांगतलं काऊन नाही, हे माही मावशी म्हणून?"

मी पदर नव्हता म्हणून ओढणी नाकाला बांधली
आणि यंत्रापुढे बसले.

तिसऱ्या घाण्याला केतकीचा फोन.
"काय गं, रडतेयस?"
"नाही बाई," मी म्हटलं,
"मिरची कुटून राहिली."

पलीकडे थोडं थांबणं.
हे वाक्य पोचायला वेळ लागते.
मी लागू देल्ला.